खुर्चीतला पाहुणा

मालतीबाई कारखानीस. नाव आधी लिहून ठेवते. पुढे सांगता सांगता मी माझ्याच गोष्टीत रमेन आणि ज्यांच्यामुळे ही गोष्ट सांगण्याजोगी झाली त्या बाई मागेच राहतील, अशी मला भीती वाटते. भीती मला कसलीही वाटते, हे एव्हाना वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. तर मालतीबाई बडोद्याला, रावपुऱ्यात, रस्त्यापासून जरा आत, निळ्या दाराच्या घरात राहायच्या. त्यांचे आजोबा महाराजांच्या वेळी राजवाड्याच्या खानगी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. शाळेतली इंग्रजी शिकवायची नोकरी त्यांनी सासऱ्यांच्या आजारपणात सोडली आणि मग दुपारी तीन ते पाच घरातच वर्ग सुरू केला. मराठी मुली त्यांना बाई म्हणायच्या, गुजराती मुली बेन म्हणायच्या, आणि त्या दोन्ही हाकांना ओ द्यायच्या. आज मला चार माणसांत उभं राहून बोलता येतं, परक्या देशातून आलेल्या माणसाला साडीचा पदर उलगडून त्याची हकीकत सांगता येते, बडोद्यातच, वासणा भागात, माझ्या घरी मी स्वतः आठवड्यातून दोनदा वर्ग घेते, ते सगळं त्या निळ्या दारातून आत गेल्यामुळे. आणि त्या दारातून मी आत गेले तीही चुकून.

मी खानदेशातल्या माझ्या गावी आठवीपर्यंत शिकले. आठवीनंतरची शाळा अमळनेरला होती. एकट्या मुलीने रोज एसटीने जायचं कसं, हा प्रश्न आमच्या घरात दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी कुणी काढलाच नाही. मीही काढला नाही. खरं सांगायचं तर इंग्रजीच्या तासाला मी पुढच्या मुलीच्या पाठीआड लपायची. उभी राहिले की तळहाताला घाम सुटायचा, तो मी परकराला पुसायची आणि परकरावर दोन ओले पंजे उमटायचे. शाळा सुटली तेव्हा आधी मला हायसंच वाटलं. वाईट वाटायला पुढची तीन वर्षं लागली. अण्णा, म्हणजे माझे वडील, सुतारकाम करायचे. आई घर, शेण-पाणी आणि माझी तीन धाकटी भावंडं बघायची. मी तिच्या हाताखाली. तेवढ्यात बडोद्याहून आत्याचं पत्र आलं, म्हणजे फुवांनी लिहिलेलं, कारण आत्या जिन्यावरून घसरली होती आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आत्याच्या यजमानांना आम्ही फुवा म्हणतो. पत्रात एवढंच होतं, की दोन महिन्यांसाठी शकूला पाठवा. शकू म्हणजे मी.

सुरतेला गाडी बदलून बडोद्याला उतरले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी होती आणि पिशवीत आईने दिलेला ठेचा, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणि एक नवं लुगडं आत्यासाठी. आत्याचं बिऱ्हाड रावपुऱ्यातच, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खाली दिवसभर रिक्षा आणि स्कुटरी. माझी झोप पहिले आठ दिवस त्या भोंग्यांनी तुटायची, नवव्या दिवशी भोंगे नसले की तुटायला लागली. सकाळी समोरच्या गल्लीतून सेव-उसळीच्या रश्श्याचा वास वर चढायचा. फुवा रविवारी ती आणायचे आणि मला म्हणायचे, "खा ने, शकू! लाजतेस काय? बडोद्यात लाजणारा उपाशी राहतो." आत्याच्या वरणात गूळ असायचा. कढीत साखर. पहिल्या दिवशी मी वरण-भात कालवला, घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. आत्या डाव्या हाताने भात वाढत म्हणाली, "मलापण आलं होतं गं. बत्तीस वर्षांपूर्वी. आता गूळ नसला तर येतं." त्या वाक्यातली आत्याची भाषा मी ऐकत राहिले. माझ्याच वडिलांची सख्खी बहीण, पण तिच्या तोंडून अहिराणी पार पुसली गेली होती. मी "माले नको" म्हटलं की खालच्या मजल्यावरच्या काकू हसायच्या. वाईट बुद्धीने नाही, गंमत म्हणून. पण मी बोलणंच कमी केलं. दोन महिने मान हलवून काढायचे, असं मी ठरवून टाकलं.

आत्या घरबसल्या साड्यांना फॉल-बीडिंग करून द्यायची. हात मोडल्यावर ते काम माझ्याकडे आलं. एका दुपारी मालतीबाईंची खळ घातलेली सुती साडी पोचवायला मी निळ्या दाराशी गेले, तर आतून हसण्याचा कल्लोळ. दार उघडंच होतं. दिवाणखान्यात सतरंजीवर सात-आठ मुली-बायका बसल्या होत्या आणि समोर हातांची, वेताची एक खुर्ची. खुर्चीत कुणीच नव्हतं. खुर्चीवर फक्त एक जुनी, पिवळट, साहेबी टोपी ठेवली होती आणि माझ्याच वयाची एक उंच मुलगी त्या टोपीला हात जोडून, मोडक्या इंग्रजीत समजावून सांगत होती की दुकानाच्या दाराला लिंबू आणि मिरच्या का टांगतात. मागून एक घोगरा, जाडाभरडा आवाज आला, "व्हाय सेव्हन? व्हाय नॉट एट?" तो आवाज मालतीबाईंचा होता. एवढ्या सडपातळ, नाजूक बाईच्या गळ्यातून तो निघेल असं कुणालाही वाटलं नसतं. ती मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बेन, ए तो मारा बापाने पण खबर नथी!" म्हणजे हे तर तिच्या बापालाही ठाऊक नव्हतं, आणि पुन्हा हसू फुटलं. ती हंसा. आज तिला नातवंडं आहेत आणि अजून ती कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर देते.

बाईंनी मला साडी खाली ठेवायला सांगितली आणि बसायलाही सांगितलं. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. त्या टोपीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यालापण काही येत नाही. तो पाहुणा आहे. लांबून आलाय, आपल्याकडचं एक अक्षर त्याला ठाऊक नाही. त्याला हसायचं नाही, त्याच्यावर चिडायचं नाही, आणि 'तुम्हाला माहीतच आहे' असं त्याला कधीही म्हणायचं नाही. एवढे तीन नियम. बस." आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा अडाणी कुणीतरी त्या खोलीत होता. मी बसले. साडीचे पैसेही मागायचे विसरले, त्यावर आत्या संध्याकाळी बोललीच, पण दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिने स्वतःच मला म्हटलं, "जा, जाऊन ये. इथे बसून माझं प्लास्टर बघण्यापेक्षा बरं."

त्या वर्गात पुस्तक नव्हतं. निदान मला तरी पहिल्या दोन महिन्यांत ते दिसलं नाही. सोमवारी बाई खडूने फरशीवर बडोद्याचा नकाशा काढायच्या, मांडवी, न्यायमंदिर, सुरसागर, स्टेशन, आणि एकीच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दुसरीने तिला इंग्रजीत रस्ता सांगायचा. मी हंसाला डावी-उजवी उलटी सांगितली आणि ती खडूच्या सुरसागरात जाऊन उभी राहिली. बाई शांतपणे म्हणाल्या, "यू आर इन द लेक, हंसा. स्विम." आणि हंसा भर दिवाणखान्यात पोहायला लागली. दुसऱ्या एका दिवशी पन्हं. एकीने बोलायचं आणि दुसरीने बोलल्याबरहुकूम करायचं, मनाने काही करायचं नाही. मी म्हटलं, "पुट सॉल्ट." किती ते सांगितलं नाही. हंसाने मूठ भरून मीठ टाकलं आणि बाईंनी ते पन्हं मला प्यायला लावलं, स्वतःही अर्धा पेला प्यायल्या, तोंड जराही न वेडंवाकडं करता. 'अ पिंच ऑफ' हे तीन शब्द मी त्यानंतर विसरले नाही. कधी आम्ही मांडवीला जायचो. आपला हात पोचणार नाही एवढ्या उंचीवरचं काहीतरी शोधायचं आणि ते कुणी, कशासाठी केलं असेल, ते एकमेकींना विचारायचं. मी इतके दिवस त्या रस्त्याने फक्त पायांकडे बघत चालत होते. वर बघायला मला इंग्रजीने शिकवलं, असं आता म्हणायला हरकत नाही.

आणि गुरुवारी वस्तू. दर गुरुवारी एकीची पाळी. घरातली, आपल्या आजीपेक्षा जुनी एक वस्तू आणायची, पाटावर ठेवून रुमालाने झाकायची. बाकीच्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारून ती ओळखायची, मग रुमाल काढायचा आणि पाहुण्याला तिची हकीकत सांगायची: कुणी केली, कुणी वापरली, आपल्या घरात कशी आली. रावपुऱ्यातल्या मराठी घरांमधून काय काय यायचं! बडोदेशाही पगडीचा लाकडी ठोकळा, राजवाड्यातल्या लग्नाची सोनेरी कडेची पत्रिका, चांदीची अत्तरदाणी. हंसाने तिच्या बाची, म्हणजे आजीची, काठेवाडहून आलेली, आरसे लावलेली बैलाची झूल आणली. ती बैलासारखी अंगावर घेऊनच ती आत आली. मी प्रत्येक गुरुवारी वाक्यं जुळवायची, जिना चढता-उतरता पुटपुटायची, आणि मनातल्या मनात माझी पाळी पुढे ढकलायची.

तेवढ्यात अण्णांचं पत्र आलं. आत्याचा हात एव्हाना बरा झाला होता, दोन महिन्यांचे पाच झाले होते. आखाजी जवळ आली होती. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, दिवाळीहून मोठा सण, सासरच्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. अण्णांनी लिहिलं होतं की आखाजीच्या आधी मी येऊन शकूला नेतो, आणि आखाजी झाली की चोपडा गावची माणसं तिला बघायला येणार आहेत. मुलगा चांगला आहे. पत्र फुवांनी मोठ्याने वाचलं. आत्या खूश झाली, मग माझ्याकडे बघून पत्राची घडी घालायला लागली. मला मुलगा नको होता असं नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं आणि मी स्वतःला तरी कुठे विचारलं होतं? पण त्या रात्री, नकाशावर अर्ध्या रस्त्यात डोळ्यांवर पट्टी बांधून उभी असताना सांगणारीच निघून जावी, तसं मला वाटलं.

त्याच आठवड्यात माझी पाळी आली आणि मी ती चूक केली. आमच्या घरून मी काय आणणार होते? आत्याकडे जुनं असं एकच होतं: माळ्यावर फाटक्या लुगड्यात गुंडाळलेलं, काजळीने काळंठिक्कर पडलेलं खापर. मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं घालून त्यावर आम्ही मांडे, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या पुरणपोळ्या, भाजतो. चांदीच्या अत्तरदाणीनंतर त्या पाटावर हे ठेवायचं? मी खालच्या काकूंकडे गेले आणि आत्याला चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हवंय म्हणून त्यांचं पितळी पानदान मागून आणलं. रुमाल काढला, आणि बोलले. माझ्या पणजीला राजवाड्यातून हे मिळालं, तिने ते असं जपलं, तिच्या लेकीला तसं दिलं. इतके दिवस इतरांच्या हकीकती ऐकून राजवाडा माझ्या तोंडपाठ झाला होता. एकही वाक्य अडलं नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग पाहुण्याने घोगऱ्या आवाजात एकच विचारलं, "व्हॉट डझ इट स्मेल ऑफ, व्हेन यू ओपन इट?" मी पानदान कधी उघडलंच नव्हतं. परकराला हात पुसले.

वर्ग सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "इंग्रजी आज छान होतं. पण पाहुणा उपाशी गेला." मी पानदान रुमालात गुंडाळायला लागले. "काताचा वास येतो त्याला," त्या म्हणाल्या, "आणि जरा वेलदोड्याचा. मागच्या मंगळवारी मी काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते, त्याच पानदानातला विडा घेतला. वीस वर्षं घेतेय. अगं वेडे, रावपुऱ्यातल्या बायका एकमेकींची पानदानं नवऱ्यांच्या आधी ओळखतात." आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून मला रडू फुटलं, आणि रडता रडता सगळंच बाहेर पडलं: अण्णांचं पत्र, चोपडा, आखाजी, आणि माळ्यावरचं खापर. बाईंनी मला पाणी दिलं. मग विचारलं, "वडील कधी येणार?" मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी दुपारच्या गाडीने. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या गुरुवारी पुन्हा तुझीच पाळी. ते खापर घेऊन ये."

आत्याला विचारायला मला दोन दिवस लागले. ती आधी चिडलीच. "माझं खापर? त्या पगड्या-अत्तरदाण्यांत? काय नाचक्की करतेस गं?" मग फडताळ आवरता आवरता आपणहून सांगायला लागली, की लग्नानंतर अमळनेरहून बडोद्यापर्यंत ती ते खापर मांडीवर घेऊन आली. फुवा म्हणत होते वर ठेव, ती म्हणाली पडेल. सासूबाईंनी स्टेशनवर विचारलं, सूनबाई, मडकं कशाला? तिला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून फक्त आखाजीला ते माळ्यावरून उतरतं, ती दोन-चार मांडे करते, फुवा कौतुकाने खातात आणि ते पुन्हा वर जातं. एवढं बोलून ती थांबली आणि एकदम म्हणाली, "नुसतं खापर दाखवून काय कळणार त्यांना? विस्तवाशिवाय ते आंधळं आहे. मी पीठ भिजवते. पुरण मी वाटते. मी येते." त्या गुरुवारी आम्ही दोघी भर दुपारी रावपुऱ्याच्या रस्त्याने निघालो, आत्याच्या हातात पुरणाचं पातेलं आणि त्यावर भिजवलेल्या पिठाचा डबा, माझ्या छातीशी लुगड्यातलं खापर. घराची किल्ली खालच्या काकूंकडे ठेवली होती आणि निरोपही, की अण्णा आले की त्यांना मालतीबाईंकडे पाठवा. त्याच काकूंकडे पानदान परत देताना मी त्यांना खरं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, राजवाड्यातून कसलं, मांडवीतून घेतलंय ते."

मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली होती. मुली सतरंजीवर, खुर्ची आणि टोपी समोर. खापर रुमालात मावेना म्हणून बाईंनी त्यावर टेबलक्लॉथ घातला. ओळखलं कुणीच नाही. हंसाने ड्रम सांगितला, एकीने हेल्मेट. कापड काढलं तेव्हा सगळ्या पुढे वाकल्या. मी बोलायला लागले. हे भांडं आहे पण ह्यात आम्ही काही ठेवत नाही, हे आम्ही उलटं करतो. माझ्या आत्याने हे मांडीवर घेऊन आणलं. "व्हाय इन हर लॅप?" कारण हे फुटतं. "व्हाय डिड शी नॉट बाय वन इन बडोदा?" ह्या प्रश्नावर मी आत्याकडे बघितलं. ती मुरलेलं पीठ पुन्हा मळत होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं पण तिचा हात थांबला. मी म्हटलं, "बिकॉज बडोदा डझ नॉट नो इट." पुढचा प्रश्न आलाच नाही, आणि मी मागे वळून बघितलं तर दारात अण्णा उभे होते. डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं, हातात आईने भरून दिलेली पिशवी. सगळ्या मुली उठल्या. अण्णांना कुठे बसावं कळेना. सतरंजीवर बायका, म्हणून त्यांनी समोरची एकमेव खुर्ची बघितली, तिच्यावरची साहेबी टोपी दोन्ही हातांनी जपून उचलली, मांडीवर ठेवली आणि बसले.

हंसा माझ्या कानाशी म्हणाली, "शकू, तारा पप्पा तो खुरशी पर बेसी गया!" मी बाईंकडे बघितलं. त्या खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "गो ऑन. आय ॲम हंग्री." अण्णा दचकून मागे वळले. नंतर कित्येक वर्षांनी मी बाईंना विचारलं, की दुसरी खुर्ची तुम्ही मुद्दाम ठेवली नव्हती ना? त्या म्हणाल्या, "बाकीच्या विणायला दिल्या होत्या." त्या खोटं बोलत होत्या की नाही ते मला आजही सांगता येत नाही.

मग मी आत्याच्या शेजारी बसले, पिठाचा गोळा घेतला, पुरण भरलं, हाताला पाणी लावलं आणि मांडा हातांवर घेतला. मांडा पोळपाटावर लाटत नाहीत. तो दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत मोठा करतात, त्याला स्वतःच्याच वजनाने वाढू देतात. हात गुंतले की माझी जीभ मोकळी होते, हे मला त्या दिवशी कळलं. मी बोलत होते. धिस इज माय मदर्स वर्क. नॉट टू फास्ट. इफ यू आर अफ्रेड, इट टेअर्स. पहिला मांडा खापरावर पडला, पापुद्रा फुगला, वास सुटला. अण्णांना राहवलं नाही. "पीठ कितलं मुरावं लागस, ते सांगं का नही त्यासले?" म्हणाले. पीठ किती मुरावं लागतं ते सांगितलंस का त्यांना? मी मान वर न करता म्हटलं, "माय फादर इज आस्किंग, डिड आय टेल यू अबाउट द डो. इट मस्ट रेस्ट टू अवर्स. अदरवाइज इट डझ नॉट लिसन." म्हटल्यावर माझं मलाच लक्षात आलं. आमच्या घरची बोली थेट इंग्रजीत गेली होती, मध्ये रावपुऱ्याच्या मराठीपाशी न थांबता, कुणी हसेल म्हणून न अडखळता. अण्णा पुढे सांगत गेले, मी पुढे सांगत गेले. कणीक वस्त्रगाळ हवी, आच मंद हवी, बरोबर आमरस हवा. शेवटी मी म्हटलं, "इट मस्ट बी ईटन हॉट," आणि पहिला मांडा घडी घालून ताटात खुर्चीसमोर ठेवला. तो पाहुण्याचा होता. अण्णांनी मुलींकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि खाल्ला.

मग सगळ्यांना. हंसाने दोन खाल्ले. बाई प्रत्येक वेळी म्हणत राहिल्या, मला शेवटी, मला शेवटी. शेवटचा मांडा खापरावर टाकला आणि एक बारीकसा आवाज झाला, टिचकीसारखा. खापर मधोमध तडकलं. मांड्याचा अर्धा भाग विस्तवात गेला, उरलेल्याला राख लागली. बत्तीस वर्षं जपलेलं. मी आत्याकडे बघायला घाबरत होते. तिने पदराने कपाळ पुसलं, दोन तुकड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "माळ्यावर गेलं असतं तर वाईट. लोकांत गेलं." मालतीबाईंना कडेचा, बोटभर, अर्धवट भाजलेला तुकडा मिळाला. तो त्यांनी त्या पन्ह्यासारखाच, चेहरा न बदलता खाल्ला.

पाच वाजता मुली गेल्या. अण्णा ओट्यावर बसून पाणी पीत होते. बाई म्हणाल्या, "अण्णा, मला हिचं अजून एक वर्ष द्या." अण्णांनी विचारलं, शिकून करील काय? बाईंनी मोठमोठं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, इथल्या साड्यांच्या दुकानांत परदेशी गिऱ्हाईक येतं, त्यांच्याशी बोलायला माणूस नसतं. माझ्या दोन मुली तिथे लागल्यात. ही चांगली बोलेल, हिला साडीची उलटी बाजूपण ठाऊक आहे. अण्णा त्या साहेबी टोपीची कड चाचपत राहिले. ती अजून त्यांच्याच हातात होती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माले एक शब्द समजना नही. पन तू काय सांगी राह्यनी, ते समदं समजनं." आणि टोपी ओट्यावर ठेवून, "चोपड्यावाल्यासले मी सांगस. एक साल. पन आखाजीले घर येवानं. दर आखाजीले." दर आखाजीला घरी यायचं. मी हो म्हटलं. हो म्हणताना पुढचं काय दिसतं माणसाला?

त्या एका वर्षाची किती वर्षं झाली ते मोजत नाही. साड्यांच्या दुकानात लागले, लग्न बडोद्यातच झालं, वासण्याला घर झालं. परवा माझ्या वर्गात एका मुलीने गुरुवारची वस्तू म्हणून आजोबांचा बटणांचा मोबाइल आणला. मी म्हणणार होते की ही जुनी वस्तू नाही, पण खुर्चीकडे बघितलं आणि गप्प बसले. पाहुण्याला काय माहीत? टोपी आता माझ्याकडे असते. बाई बडोद्यातल्याच समा भागात लेकीकडे राहायला गेल्या तेव्हा त्यांनी ती मला दिली.

आखाजीला मात्र मी दरवर्षी गावी गेले. अण्णा होते तोवर अण्णांसाठी, मग आईसाठी. त्यामुळे मांडे करायचा तो एक दिवस मी बडोद्यात कधी नव्हतेच. एकदा तिकडून मांडे डब्यात घालून आणले तर बाईंनी डबा उघडलाही नाही. "इट मस्ट बी ईटन हॉट," म्हणाल्या. "तूच सांगितलं होतंस. पाहुण्याला शिळं वाढतेस? मी थांबते." एरवी करावेत म्हणून नवं खापर आणायला गेले तर एक सुरतेच्या प्लॅटफॉर्मवर फुटलं आणि दुसरं रावपुऱ्यात, रिक्षातून उतरताना. बाई पंच्याऐंशीच्या झाल्या. डोळ्यांनी कमी दिसतं. मी फोन केला की त्या आधी घोगऱ्या आवाजात विचारतात, "इज इट रेडी?" आणि मग स्वतःच्या आवाजात हसतात.

मागच्या पौषात आई गेली. भावंडं कधीच गाव सोडून पांगली; ह्या आखाजीला मला घरी बोलावणारं कुणी उरलं नाही.

गेल्या आठवड्यात गावाहून खापर आणलं. सुरतेपासून बडोद्यापर्यंत मांडीवर. शेजारच्या सीटवरच्या मुलीने विचारलं, आंटी, वर ठेवू का? मी म्हटलं, नको गं, पडेल. हात आता पूर्वीसारखे नाहीत, मांडा कोपराशी येईपर्यंत खांदा दुखतो, म्हणून रोज दुपारी नुसत्या कणकेवर सराव करते, बहुतेक फाटतात. भीती वाटतेच. पण बाई, आखाजीला मी बडोद्यातच आहे. विटा मी आणीन, समाच्या तुमच्या अंगणात चूल मांडीन, खुर्ची आणि टोपी बरोबर आणीन, आणि खुर्चीत तुम्ही बसायचं. तुम्हाला काही म्हणता काही माहीत नाही असं धरून मी सगळं पहिल्यापासून सांगेन. आणि पहिला मांडा तुमचा. अख्खा. गरम.